चौथ्या वर्षीचा पगार

कर्जाचा अर्ज आला की आम्ही बँकवाले आधी विचारायचो, हप्ता कुठून भरणार? अनुदान घेतानाही हा प्रश्न सुटत नाही. अमेरिकेचं उदाहरण बघा.

१३ सप्टेंबर १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी गुन्हेगारीविरोधी कायद्यावर सही केली. वस्तीत मिसळणारे, रहिवाशांना ओळखणारे एक लाख पोलीस नेमायचे, त्यासाठी सहा वर्षांत ८.८ अब्ज डॉलर्स. अर्ज शहरांनी करायचा. पगाराचे ७५ टक्के केंद्र देणार, तेही तीन वर्षांत एका पोलिसामागे जास्तीत जास्त ७५,००० डॉलर्स. पुढे माणूस स्वखर्चाने ठेवायचा. तेवढी ऐपत नाही म्हणून काही ठिकाणी अर्जच केला गेला नाही.

२००९ च्या मंदीत एक अब्ज डॉलर्स पुन्हा निघाले. या वेळी तीन वर्षांचा पगार पूर्ण केंद्राचा, चौथ्या वर्षाचा मात्र शहराचा. सात हजारांवर अर्ज आले, मंजूर झाले १,०४६. म्हणजे सातातल्या सहांना नकार. ज्यांना मिळालं, त्यांनाही चौथ्या वर्षाची तजवीज करणं भागच होतं.

आपल्या सोसायटीतही रौप्यमहोत्सवाच्या देणगीतून रात्रीचा दुसरा वॉचमन ठेवावा, अशी सूचना आली आहे. वॉचमन हवाच, माझा विरोध नाही. पण देणगी एकदाच येते, पगार दर महिन्याला द्यावा लागतो. तेव्हा देणगीतून गेट आणि दिवे करू या. वॉचमनसाठी मात्र मेंटेनन्स वाढवायची तयारी ठेवू या. चार वर्षांनी त्या माणसाला घरी पाठवायची वेळ आपल्यावर येऊ नये.