बेअरबोट चार्टर (कॅटामरान)

बेअरबोट चार्टर म्हणजे तांडेल व खलाशी न घेता केवळ नौका ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेणे होय. मालवाहू जहाजांच्या व्यवहारातही ही संज्ञा रूढ आहे. सुट्टीसाठी नौका घेणाऱ्या गटातील एक जण तांडेल होतो. मार्ग आखणे, नांगर टाकणे व सोबत्यांची सुरक्षितता यांचा भार त्याच्यावर येतो. नौकेच्या संभाव्य हानीपोटी अनामत रक्कम घेतली जाते. ग्रीस व क्रोएशिया येथे तांडेलाकडे नौकानयनाचा परवाना असावा लागतो. कॅरिबियन बेटांवर बहुधा पूर्वानुभवाची लेखी माहिती मागतात.

या व्यवसायात कॅटामरान विशेष लोकप्रिय आहे. तिचे नाव ‘कट्टुमरम्’ (बांधलेले लाकूड) या तमिळ शब्दावरून आले. मूळ कट्टुमरम् हा ओंडक्यांचा तराफा, तर आधुनिक कॅटामरान म्हणजे मंचाने जोडलेल्या दोन समांतर, अरुंद होड्या. दोहोंत नावापलीकडे साम्य थोडेच. रुंदीमुळे ती वाऱ्याने फारशी कलत नाही आणि उथळ पाण्यातही जाऊ शकते. अरुंद धक्क्यावर मात्र हीच रुंदी अडचणीची ठरते.

न कलण्याचा हा गुण नवख्याला फसवा ठरू शकतो. एकदेही नौका वारा वाढताच कलते, म्हणजे स्वतःच इशारा देते. तळाच्या जड वजनामुळे ती सहसा पुन्हा सरळही होते. कॅटामरान असा इशारा देत नाही. शिडावरचा ताण मुकाट्याने वाढत जातो आणि उलटलेली कॅटामरान आपोआप सरळ होत नाही. म्हणून शीड केव्हा आखूड करायचे, हे कलण्यावरून नव्हे, तर वायुवेगमापकावरील आकडा पाहून ठरवतात. नौका ताब्यात घेतानाच हे आकडे विचारून घ्यावे लागतात.

ब्रिटिश व्हर्जिन बेटे हे या पर्यटनाचे प्रसिद्ध केंद्र असून तेथे ‘द मूरिंग्ज’ ही कंपनी १९६९ मध्ये सुरू झाली. सर फ्रान्सिस ड्रेक खाडीच्या दोन्ही बाजूंस बेटे असल्याने तेथील पाणी बरेचसे शांत असते, पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात आणि पुढचे बेट बहुधा डोळ्यांसमोर असते. अनेगाडा हा अपवाद. प्रवाळाचे हे सखल बेट जवळ जाईपर्यंत दिसत नाही आणि भोवती हॉर्सशू हा विस्तीर्ण प्रवाळखडक आहे. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. ६ सप्टेंबर २०१७ रोजी आलेल्या इर्मा वादळात तेथील भाड्याच्या नौकांची प्रचंड हानी झाली.