आधी नागरिक, मग प्रजासत्ताक

ग्वाल्हेरच्या टोपी बाजाराजवळ, महाराज बाड्यावरील केंद्रीय ग्रंथालयात, आपल्या संविधानाची घटना समितीच्या सभासदांच्या सह्यांसह छापलेली प्रत जतन केलेली आहे. विद्यार्थ्यांना ती दाखविताना शिक्षकाने ३९४ वे कलम अवश्य उलगडून सांगावे. संविधानाचा बहुतांश भाग २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आला; परंतु नागरिकत्वाची ५ ते ९ ही कलमे २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच लागू झाली. अर्थात, प्रजासत्ताकापूर्वी दोन महिने नागरिक जन्मास आला! १९४८ पर्यंत शिंदे सरकारची प्रजा असलेल्या या शहराला त्याचे मोल विशेष वाटावे. कलमे पाठ होतात आणि विसरलीही जातात. वर्गात मत मांडण्याची आणि विरुद्ध मत शांतपणे ऐकण्याची सवय मात्र जन्मभर टिकते. नागरिक घडतो तो तेथेच.