मायलेज भत्ता (युनायटेड किंग्डम)

मायलेज भत्ता म्हणजे कर्मचाऱ्याने स्वतःचे वाहन कामासाठी वापरल्याबद्दल नियोक्त्याने त्याला दर मैलामागे दिलेली रक्कम होय. युनायटेड किंग्डममध्ये कायद्याने ठरवलेल्या दराच्या मर्यादेत असल्यास ही रक्कम कर्मचाऱ्याला करमुक्त मिळते आणि नियोक्त्याच्या हिशेबात व्यवसायाचा खर्च म्हणून वजा होते. एका व्यक्तीने वा कुटुंबाने चालवलेल्या लहान मर्यादित कंपनीत या भत्त्याला विशेष महत्त्व आहे. कारण तेथे भत्ता मंजूर करणारा संचालक आणि तो घेणारा कर्मचारी ही बहुधा एकच व्यक्ती असते. मराठीत ‘मायलेज’ हा शब्द सामान्यतः वाहनाच्या इंधनक्षमतेसाठी वापरला जातो. येथे मात्र कामासाठी कापलेले, मैलांत मोजलेले अंतर असा त्याचा अर्थ आहे. एक मैल म्हणजे सुमारे १.६१ किलोमीटर.

कायदेशीर स्वरूप

ब्रिटिश कायद्यानुसार मर्यादित कंपनी ही तिच्या मालकापासून वेगळी अशी विधिक व्यक्ती आहे. कंपनीचे सर्व भाग एकाच माणसाकडे असले, तरी कंपनीचा पैसा हा त्याचा वैयक्तिक पैसा ठरत नाही. करकायद्याच्या दृष्टीने संचालक हा कंपनीचा कर्मचारी असतो. म्हणून त्याने स्वतःच्या मोटारीने कंपनीचे काम केले, तर त्याचा खर्च कंपनीने भरून द्यावा, हे या भत्त्यामागील तत्त्व आहे. भत्ता हे वेतन नव्हे आणि लाभांशही नव्हे. ती झालेल्या खर्चाची भरपाई आहे.

सध्याची पद्धत ६ एप्रिल २००२ पासून अमलात आली. तिच्या तरतुदी २००३ च्या प्राप्तिकर (उत्पन्न व निवृत्तिवेतन) अधिनियमात समाविष्ट आहेत. अंमलबजावणी एचएमआरसी हे ब्रिटिश महसूल खाते करते.

मान्य दर

६ एप्रिल २०११ पासून मोटार व व्हॅनसाठी पहिल्या टप्प्याचा दर ४० पेन्सवरून ४५ पेन्स करण्यात आला. २०२४-२५ या करवर्षातील दर पुढीलप्रमाणे होते :

- मोटार व व्हॅन : करवर्षातील पहिल्या १०,००० मैलांपर्यंत दर मैलास ४५ पेन्स, त्यापुढे २५ पेन्स
- मोटारसायकल : दर मैलास २४ पेन्स
- सायकल : दर मैलास २० पेन्स
- कामासाठीच सोबत नेलेला सहकारी : मोटार वा व्हॅनमधील प्रत्येक प्रवाशामागे दर मैलास आणखी ५ पेन्स

ब्रिटिश करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल असे असते. १०,००० मैलांची मर्यादा त्या वर्षापुरती मोजतात. एकाच व्यक्तीच्या नियंत्रणाखाली दोन कंपन्या असल्या आणि ती दोन्हींकडे नोकरीत असली, तरी मर्यादा एकत्रितच धरली जाते.

मोटारीच्या दरात इंधन, विमा, दुरुस्ती, देखभाल, वाहनकर आणि घसारा हे सर्व गृहीत धरलेले असते. त्यामुळे मैलाचा भत्ता घेऊन पुन्हा पेट्रोलची वा दुरुस्तीची पावती कंपनीच्या खर्चात दाखवता येत नाही. कामाच्या प्रवासात भरलेले वाहनतळाचे शुल्क आणि पथकर मात्र वेगळे मागता येतात. वाहतूक नियम मोडल्याचा दंड यात बसत नाही. वाहन संचालकाच्याच नावावर असले पाहिजे अशी अट नाही; पती वा पत्नीची मोटारही चालते. कंपनीने पुरवलेल्या मोटारीला मात्र हे दर लागू होत नाहीत.

कोणता प्रवास पात्र ठरतो

दर सोपे आहेत. वाद होतो तो प्रवासाच्या स्वरूपावरून. घर आणि कायमचे कामाचे ठिकाण यांमधील प्रवास ‘सामान्य ये-जा’ समजला जातो आणि त्यावर करमुक्त भत्ता मिळत नाही. ‘रिकेट्स विरुद्ध कोल्क्हून’ या १९२० च्या दशकातील खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने याच स्वरूपाचा प्रश्न निकाली काढला. लंडनमध्ये राहून वकिली करणाऱ्या एका बॅरिस्टरकडे पोर्ट्समथ येथे न्यायिक पद होते. तेथे जाण्या-येण्याचा खर्च त्या पदाच्या उत्पन्नातून वजा करण्यास नकार देण्यात आला. प्रवासनियम पुढे बदलले, तथापि घरापासून कामापर्यंत पोहोचणे ही ज्याची त्याची बाब, हा विचार कायद्यात टिकून आहे.

पात्र प्रवास मुख्यतः दोन प्रकारचा असतो : एकाच नोकरीतील दोन कामाच्या ठिकाणांमधील प्रवास आणि तात्पुरत्या कामाच्या ठिकाणी केलेला प्रवास. ग्राहकाची भेट, मालाची पाहणी, बँकेतील काम, प्रशिक्षण ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. अनेक लहान कंपन्यांचे नोंदणीकृत कार्यालय संचालकाच्या घरीच असते. परंतु केवळ तेवढ्यामुळे घर हे कामाचे ठिकाण ठरत नाही आणि तेथून रोजच्या दुकानात वा कार्यशाळेत जाणे पात्र होत नाही.

चोवीस महिन्यांचा नियम

एखाद्या ठिकाणी कर्मचाऱ्याचे काम सलग २४ महिन्यांहून अधिक चालले, अथवा तसे चालेल अशी अपेक्षा असली, आणि त्याच्या कामाच्या वेळेपैकी ४० टक्के वा अधिक वेळ तेथे जात असला, तर ते ठिकाण तात्पुरते राहत नाही. येथे प्रत्यक्ष कालावधीइतकेच अपेक्षेलाही महत्त्व आहे. समजा, लेस्टरमध्ये राहणाऱ्या अभियंत्याच्या कंपनीला बर्मिंगहॅममध्ये १८ महिन्यांचे पूर्णवेळ काम मिळाले. पंधराव्या महिन्यात मुदत आणखी १० महिन्यांनी वाढली. एकूण मुदत २८ महिने होणार हे ज्या दिवशी निश्चित झाले, त्या दिवसापासून बर्मिंगहॅमचा प्रवास सामान्य ये-जा ठरतो. चोविसावा महिना उलटेपर्यंत थांबता येत नाही. आधीच्या काळातील भत्ता मात्र कायम राहतो.

कंपनीतील नोकरीचा सर्व वा जवळजवळ सर्व काळ एकाच ग्राहकाकडे जाणार असेल, तर मुदत २४ महिन्यांहून कमी असूनही ते ठिकाण कायमचे मानले जाते. तसेच ‘आयआर ३५’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांखाली येणाऱ्या कामांना ६ एप्रिल २०१६ पासून अधिक कडक तरतूद लागू आहे. अशा प्रत्येक कामाचा स्वतंत्र नोकरी म्हणून विचार होतो. परिणामी, घरापासून ग्राहकाच्या कार्यालयापर्यंतच्या प्रवासावर सहसा करमुक्त भत्ता देता येत नाही.

हिशेबाचे उदाहरण

एका संचालकाने करवर्षात स्वतःच्या मोटारीने १२,००० पात्र मैल प्रवास केला. पहिल्या १०,००० मैलांचे ४,५०० पौंड आणि उरलेल्या २,००० मैलांचे ५०० पौंड मिळून मान्य रक्कम ५,००० पौंड होते. कंपनीने ती पूर्ण दिल्यास त्यावर प्राप्तिकर नाही. कंपनीचा नफा तेवढ्याने कमी होतो आणि १९ टक्के दराने कॉर्पोरेशन कर भरणाऱ्या लहान कंपनीचा ९५० पौंड कर वाचतो. नॅशनल इन्शुरन्सच्या वर्गणीसाठी मात्र सर्वच मैलांना ४५ पेन्सची मर्यादा धरली जाते. मान्य रकमेहून जास्त दिलेला भाग करपात्र असतो.

याच कंपनीने दर मैलास ३० पेन्स, म्हणजे ३,६०० पौंडच दिले, तर उरलेल्या १,४०० पौंडांची वजावट संचालकाला वैयक्तिक करात मागता येते. ही रक्कम रोख परत मिळत नाही. ती नोकरीच्या उत्पन्नातून वजा होते. २० टक्के दराने कर भरणाऱ्याला तिचा लाभ २८० पौंड इतकाच होतो. लहान कंपनीचे अनेक मालक अल्प वेतन आणि उरलेला लाभांश अशी विभागणी करतात. वेतन करमुक्त मर्यादेतच असेल, तर या वजावटीचा काहीच उपयोग होत नाही. म्हणून अशा कंपनीने मान्य दराने पूर्ण भत्ता देणे हितावह ठरते. प्रवाशामागील ५ पेन्स कंपनीने दिले नाहीत, तर त्यांबद्दल वजावट मागताच येत नाही.

मूल्यवर्धित कर

मूल्यवर्धित करासाठी नोंदणी केलेली कंपनी भत्त्यातील केवळ इंधनाच्या भागावरील कर परत मागू शकते. हा भाग एचएमआरसीच्या सूचक इंधनदरांवरून काढता येतो. ते दर तीन महिन्यांनी सुधारले जातात. इंधनाचा भाग मैलामागे १२ पेन्स धरल्यास, २० टक्के दरानुसार त्यातील एक षष्ठांश, म्हणजे २ पेन्स, कर असतो. त्यासाठी इंधनखरेदीच्या पुरेशा पावत्या जवळ असाव्या लागतात.

नोंदी

मोठ्या संस्थेत कर्मचाऱ्याचा दावा वरिष्ठ तपासतात. एकट्याच्या कंपनीत अशी तपासणी नसते. त्यामुळे चौकशी झाल्यास प्रवासाची नोंदवही हाच मुख्य पुरावा ठरतो. प्रत्येक प्रवासाची तारीख, निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण, प्रवासाचे कारण आणि मैल यांची नोंद त्याच वेळी करणे अपेक्षित असते. वर्षाअखेरीस अंदाजाने लिहिलेला पूर्णांकी आकडा सहज आक्षेपार्ह ठरतो. कंपनीला आपली कागदपत्रे लेखावर्ष संपल्यापासून सामान्यतः सहा वर्षे जपावी लागतात. दावा अमान्य झाल्यास दिलेली रक्कम वेतनासारखी करपात्र ठरू शकते आणि थकीत करासोबत व्याज व दंडही भरावा लागतो.

संबंधित पद्धती

कंपनीनेच मोटार घेऊन संचालकाला वापरण्यास दिल्यास तिचा खाजगी वापर हा करपात्र लाभ ठरतो आणि त्याची आकारणी वेगळ्या नियमांनी होते. कंपनी न काढता स्वतःच्या नावाने व्यवसाय करणाऱ्याला मायलेज भत्ता लागू नाही. तथापि २०१३-१४ च्या करवर्षापासून त्याला मोटारीचा खर्च प्रत्यक्ष हिशेबाऐवजी ४५ व २५ पेन्स या दरांनी दाखवता येतो.