बेसच्या पेटीचे तोंड

सबवूफरच्या पेटीला पाडलेले भोक आणि त्यात बसवलेली नळी यांना पोर्ट म्हणतात. नुसती हवा बाहेर जावी म्हणून ते ठेवलेले नसते. नळीतली हवा हे एक वजन असते आणि पेटीत कोंडलेली हवा ही त्या वजनाची स्प्रिंग. स्पीकरचा कोन मागेपुढे हलला की स्प्रिंग दबते, सुटते आणि वजन आतबाहेर झुलू लागते. एका सेकंदात ते जितके झोके सहजपणे घेते, तो आकडा म्हणजे पेटीचे ट्यूनिंग. पेटी मोठी केली की स्प्रिंग सैल होते आणि सूर उतरतो. नळी लांब केली की वजन वाढते, सूर आणखी उतरतो. नळीचे तोंड मोठे केले तर मात्र सूर चढतो: क्षेत्रफळ दुप्पट झाले की आतल्या हवेचे वजन दुप्पट होते, पण स्प्रिंग चौपट ताठर होते.

या गणिताचा कानाला झालेला परिचय लाउडस्पीकरपेक्षा फार जुना आहे. बीडसारख्या पाण्याची ओढ असलेल्या जिल्ह्यात घागर भरत आली हे आत न डोकावताही कळते. पाणी चढते तशी आतली मोकळी जागा कमी होते, हवेची स्प्रिंग ताठरते आणि आवाज वर वर जातो. कोकणस्थ घरांत नवरात्राच्या अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागरी फुंकल्या जातात. तिथे मोठे पोट आणि आखूड गळा मिळून जो घुमारा उठतो, तो पोर्ट असलेल्या पेटीचाच आवाज आहे. फक्त कोनाची जागा फुंकरीने घेतलेली असते.

वजनाचा हाच खेळ वारकरी कीर्तनातही चालतो. बीड तालुक्यातील नारायणगड हे नगद नारायण महाराजांचे स्थान 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखले जाते. अशा वारकरी ठिकाणी खालच्या सुरांचा भार पखवाजावर असतो. पखवाजाला पोर्ट नसतो, दोन्ही तोंडे कातड्याने बंद असतात. तरी त्याच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावलेली कणीक तेच काम करते जे नळीतली हवा करते. कणकेचे वजन कातड्याची हालचाल मंदावते, धूम खाली उतरते, आणि कणीक कमी-जास्त करून पखवाजी ती सुराला आणतो. वजन आणि ताण यांच्या या व्यवहाराला सूत्र मिळाले ते युरोपात.

जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ याने 1863 मध्ये स्वरसंवेदनेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मिश्र आवाजातला एकेक सूर वेगळा ऐकण्यासाठी त्याने पोकळ गोल वापरले. प्रत्येकाला एक तोंड, समोर कानात बसणारे दुसरे टोक. गोलाचे आकारमान आणि तोंडाचा आकार यावरून कोणता गोल कोणत्या सुराला घुमेल हे ठरे. पुढे इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले याने या घुमण्याचे गणित अधिक नेटके केले. नळीच्या दोन्ही टोकांबाहेरची थोडी हवाही नळीतल्या हवेबरोबर झुलते, म्हणून गणितात नळी प्रत्यक्षापेक्षा लांब धरावी लागते. ही बाब दिसते किरकोळ, पण पेटी बनवणाऱ्याची बहुतेक फसगत इथेच होते.

1925 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी आजच्या पद्धतीचा कोनाचा स्पीकर मांडला. या कोनाची एक अडचण होती: पुढे जितका आवाज जातो तितकाच मागेही जातो, तोही उलटा, आणि खालच्या सुरांत दोन्ही एकमेकांना खोडतात. मागची बाजू पेटीत पूर्ण कोंडली तर खोडणे थांबते, पण अर्धी मेहनत वाया जाते. बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास याने मागच्या आवाजाला नळीतून वळसा देऊन पुढच्या आवाजाच्या जोडीला आणले. त्याचे पेटंट 1932 मध्ये मंजूर झाले. या जातीच्या पेटीला पुढे बास रिफ्लेक्स हे नाव रुळले.

तरीही जवळजवळ तीस वर्षे पेटी अंदाजाने बनत राहिली. लाकूड कापायचे, ऐकायचे, नळी छाटायची, पुन्हा ऐकायचे. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये पोर्टच्या पेटीला विद्युत फिल्टरचे गणित लावले, पण त्यांचा निबंध जगभरच्या ध्वनितज्ज्ञांच्या नजरेत आला तो 1971 मधल्या पुनर्मुद्रणानंतर. सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी ते काम 1970 च्या दशकात पूर्णत्वाला नेले. स्पीकरच्या कागदावर आज जे थील-स्मॉल आकडे छापलेले असतात, ते या दोघांचे. पेटी कापण्याआधी तिचा आवाज कागदावर मांडता येणे ही या कलेतली सर्वांत मोठी झेप म्हणावी लागेल.

उदाहरणासाठी 100 लिटरची पेटी 40 हर्ट्झला लावायची आहे असे धरू. 10 सेंटिमीटर व्यासाची गोल नळी घेतली तर ती साधारण साडेसात सेंटिमीटर लांब पुरते. व्यास 15 केला तर लांबी 22 सेंटिमीटरच्या आसपास जाते, आणि 20 केला तर सुमारे 45. सूर तिन्ही वेळा तोच राहतो. मग लहान नळी सोडून मोठीची उठाठेव का? कारण मोठ्या आवाजाला बारीक नळीतून हवा फार वेगाने धावते. हा वेग सेकंदाला सुमारे 17 मीटरच्या पुढे गेला की फुसफुस ऐकू येऊ लागते आणि नळी गुदमरल्यासारखी वागते. ठोका अपेक्षेइतका वाढत नाही. तोंड बाहेरच्या बाजूला गोलाकार उमलते ठेवले तर हा त्रास कमी होतो. उलट नळी फार लांब झाली की ती पेटीतली जागा खाते आणि बासरीसारखे स्वतःचे वरचे सूर काढू लागते. हवामानाचा परिणाम त्यामानाने थोडा: हवा 23 अंशांवरून 40 अंशांवर गेली तर 40 हर्ट्झची पेटी 41 च्या जवळ सरकते.

ट्यूनिंगच्या सुरावर कोन जवळजवळ स्थिर असतो आणि बहुतेक आवाज नळी देते. त्याखाली मात्र पेटीतली स्प्रिंग कोनाला आवरत नाही. बंद पेटीत आवाज दर सप्तकामागे 12 डेसिबलने उतरतो, पोर्टच्या पेटीत 24 ने, आणि कोन मोकाट हलून फाटायची भीती राहते. म्हणून ट्यूनिंगखालचे सूर अॅम्प्लिफायरकडे जाण्याआधीच गाळायचे असतात.

मराठवाड्यातल्या गावांत आधी आला तो कर्णा. घडी घातलेल्या भोंग्याचा हा स्पीकर साधारण 300 हर्ट्झखाली फारसे काही देत नाही. कीर्तनकाराचा शब्द त्याने शिवारापलीकडे पोचवला, पण धूम मंडपातच राहिली. हा तोटा मोठा होता, कारण कीर्तनाच्या चालीला जमीन धूमच देते. भाषणाची गोष्ट वेगळी. 12 ऑक्टोबर 2024 रोजी नारायणगडावर झालेल्या मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांच्या दसरा मेळाव्यासारख्या सभेत मोकळ्या माळावर शब्द पोचवायचे असतात, आणि 100 हर्ट्झखालचा आवाज तिथे वाऱ्याची घरघर तेवढी वाढवतो.

हरवलेला खालचा सूर परत आला तो 18 इंची स्पीकरच्या पेट्यांमधून. मिरवणुकीच्या धंद्यात त्यांना नुसते बेस म्हणतात, वरच्या पेट्यांना टॉप, आणि सगळ्या भिंतीला डीजे किंवा डॉल्बी. यातले दुसरे नाव रे डॉल्बी यांच्या कंपनीचे. 1965 मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचे पहिले गाजलेले यंत्र टेपवरची खरखर कमी करणारे होते. मिरवणुकीतल्या पेट्या ती बनवत नाही.

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावरचे लाउडस्पीकर बंद केले. सणांसाठी ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे. यातली मोजणी ए प्रकारच्या भारांकनाने होते. ते कानाच्या संवेदनेवर बेतलेले आहे आणि 40 हर्ट्झच्या सुराचे जवळपास 35 डेसिबल वजा करते. त्यामुळे या सुराचा 90 डेसिबलचा निव्वळ ठोका मीटरवर 55 च्या आसपास भरतो, आणि तावदाने थरथरतात ती पूर्ण 90 ने.