दोन टपालांमधील वेस

दळणवळणाचा इतिहास लिहितांना आपले लेखक बहुधा शोधांचा इतिहास लिहितात. आगगाडी केव्हां आली, तारायंत्र केव्हां आलें, संगणक केव्हां आला, याच्या सनावळ्या दिल्या म्हणजे काम झालें असें त्यांस वाटतें. परंतु पत्र लिहिणाऱ्या माणसास याहून एक निराळीच गोष्ट अधिक जाचते. आपलें पत्र ज्या व्यवस्थेंत पडलें तिची हद्द कोठें संपते, आणि हद्दीपलीकडे तें कोणाच्या हातीं जातें, ही ती गोष्ट होय. दोन टपालव्यवस्था शेजारीं नांदूं लागल्या म्हणजे त्यांच्यामध्यें वेस लागते, आणि ती वेस कोणाला तरी राखावी लागते. संगणकांच्या जगांतील अशाच एका वेशीची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. पण तिचें मर्म कळण्यास मराठवाड्यांतलें एक जुनें उदाहरण आधीं पाहिलेलें बरें.

औरंगाबाद, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्यांत कन्नड तालुक्यामध्यें पिशोर हें मोठें गांव आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. कन्नडहून औट्रम घाट उतरलें कीं चाळीसगांव, आणि तें इंग्रजांच्या खानदेशांत. भाषा एक, सोयरीक एक. पण घाटमाथ्यावर एक सरकार आणि पायथ्याशीं दुसरें. निजाम सरकारनें १८६९ सालीं स्वतःचीं तिकिटें काढिलीं. १८७१ च्या तिकिटांवर फारसी, इंग्रजी व तेलुगु यांच्या जोडीला मराठींतही किंमत लिहिलेली असे. तें तिकीट पिशोरच्या माणसास आपलें वाटावें असेंच होतें. मात्र राज्याबाहेर त्यास कवडीची किंमत नव्हती. नाणेंही वेगळें: हाली शिक्क्याचे सात रुपये म्हणजे कलदार सहा. उलट ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारनें १८८५ च्या सुमारास इंग्रज सरकारशीं टपालाचा करार केला, आणि ‘ग्वाल्हेर’ असा छाप मारलेलीं हिंदुस्थानचीं तिकिटें इंग्रजी मुलखांतही चालूं लागलीं. हैदराबादनें असा करार कधींच केला नाहीं. तेथील टपाल १९५० च्या एप्रिलांत भारताच्या टपालांत विलीन झालें तेव्हांच ही भिंत पडली.

या दोन संस्थानांच्या तुलनेंतून तीन प्रश्न निघतात. पत्ता कोणाच्या रीतीनें लिहावयाचा? हशील कोणी भरावयाचें? आणि वेस राखणार कोण? शंभर वर्षांनीं संगणकांच्या टपालांतही हेच तीन प्रश्न जसेच्या तसे उभे राहिले.

१९७८ च्या जानेवारींत शिकागो शहर बर्फाच्या वादळानें कोंडलें गेलें असतां वॉर्ड क्रिस्टेन्सेन व रँडी स्यूस या दोन हौशी गृहस्थांनीं एक यंत्र जुळविण्यास घेतलें, आणि १६ फेब्रुवारीस तें चालू झालें. टेलिफोनच्या तारेवरून संगणक त्यास जोडावा, कोणी लिहून ठेविलेला मजकूर वाचावा, आपला मजकूर ठेवावा आणि तार सोडावी, एवढेंच त्याचें काम. चावडीवरील सूचनाफलकाचीच ही आवृत्ति. म्हणून तिला ‘बुलेटिन बोर्ड’ हें नांव पडलें. पुढें असे बोर्ड गांवोगांव झाले, पण प्रत्येक बोर्ड म्हणजे एक बेट. १९८४ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्स यानें ‘फिडोनेट’ काढून हीं बेटें जोडलीं. युक्ति साधी होती: दिवसभर पत्रें सांठवावीं, आणि रात्रीं टेलिफोनचे दर उतरले म्हणजे एका यंत्रानें दुसऱ्यास हांक मारून तीं हवालीं करावीं. प्रत्येक बोर्डास खंड, जाळें आणि शाखा असा तिहेरी क्रमांक असे. आशियाचा खंड सहावा होता.

याच सुमारास विद्यापीठांतून व संशोधनसंस्थांतून इंटरनेटची ई-मेल वाढत होती. तिची रीत निराळी. तेथें पत्ता क्रमांकाचा नसून नांवांचा: आधीं माणसाचें नांव, मग १९७१ मध्यें रे टॉमलिन्सन यानें निवडलेलें ‘ॲट’चें चिन्ह, आणि त्यापुढें यंत्राचें नांव. एकीकडे घरच्या टेलिफोनावर चालणारी हौशी लोकांची व्यवस्था, दुसरीकडे सरकारी द्रव्यावर चालणारी विद्वानांची. दोन्हींकडे पत्रें होतीं, वाचणारे होते; पण एकीचें पत्र दुसरीस उमगत नव्हतें. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धांत टिम पोझर आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं या दोहोंमध्यें वेस बसविली. तिला तिकडे ‘गेटवे’ म्हणतात.

ही वेस बसविणें म्हणजे काय, हें जरा तपशिलानें पाहण्यासारखें आहे. पहिलें काम पत्त्यांच्या भाषांतराचें. सहाव्या खंडांतील शंभराव्या जाळ्याची पांचवी शाखा असा पत्ता आहे असें समजा. इंटरनेटच्या बाजूस तोच ‘एफ५.एन१००.झेड६.फिडोनेट.ऑर्ग’ असा लिहावयाचा. माणसाच्या नांवांतली मोकळी जागा इंटरनेटास खपत नसे, म्हणून तेथें टिंब द्यावयाचें. उलट दिशेची गंमत याहून मोठी. फिडोनेटच्या पाकिटावर इंटरनेटचा लांबलचक पत्ता मावतच नसे, कारण नांवास छत्तीस अक्षरांची जागा आणि विषयास बहात्तरांची. तेव्हां पाकिटावर वेशीचा पत्ता घालून खरा पत्ता पत्राच्या पहिल्या ओळींत लिहावा लागे. वेशीवरचें यंत्र पत्र उघडी, ती ओळ वाची, आणि नवें पाकीट करून पुढें धाडी.

दुसरें काम पत्र फिरून फिरून परत न येऊं देण्याचें. सार्वजनिक चर्चेचा मजकूर दोन ठिकाणच्या वेशींतून आंतबाहेर जाऊं लागला, तर एकच पत्र इकडून तिकडे आणि तिकडून पुन्हां इकडे असें अखंड हिंडत राही आणि हजारों प्रती होत. म्हणून येणाऱ्या प्रत्येक पत्राची खूण टिपून ठेवावी लागे आणि तीच खूण पुन्हां दिसली कीं पत्र अडवावें लागे. तिसरें काम परत आलेल्या पत्रांचें: पत्ता चुकला तर दुसऱ्या बाजूच्या लेखकास त्याच्या रीतीनें तें कळविणें. या तिहींत कोठें एक टिंब चुकलें कीं पत्र नाहींसें होई, आणि लिहिणारा समजे कीं मित्रानें उत्तर दिलें नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९८६ मध्यें भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचें साह्य घेऊन ‘अर्नेट’ हें शिक्षणसंस्थांचें जाळें आरंभिलें. त्यांत पांच आय. आय. टी., बंगलोरची विज्ञानसंस्था आणि मुंबईस जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होतें. डॉ. एस. रमणी यांच्या नेतृत्वाखालीं त्या केंद्रानें अमेरिकेशीं ई-मेलची वाट उघडली. देशाबाहेर जाणाऱ्या पत्रांची ती वेसच होती. पण तिच्यांतून जाण्याचा अधिकार विद्वानांसच. सामान्य नागरिकांसाठीं होते ते बोर्ड. मुंबईचा ‘लाइव्ह वायर’ हा त्यांपैकीं नांवाजलेला. रात्रीं एस. टी. डी. चा दर पाव झाला म्हणजे लोक परगांवच्या बोर्डास तार जोडीत. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट लोकांस खुलें केलें, तेव्हां साध्या अक्षरी खात्यास अडीचशें तासांचे पांच हजार रुपये पडत. बोर्डांचें महत्त्व कोठें होतें तें या आंकड्यावरून ध्यानांत येईल.

आणि नेमकें याच काळांत दूरसंचार खात्यानें या बोर्डांवर वर्षास पंधरा लाख रुपयांच्या घरांतलें परवानाशुल्क बसविण्याचें धोरण धरिलें. आधार १८८५ च्या तार-कायद्याचा: संदेश वाहण्याचा मक्ता सरकारचा. स्वतःच्या खोलींत, स्वतःच्या पैशानें, विनामूल्य पत्रें पोंचविणाऱ्या हौशी माणसास हा आंकडा म्हणजे दार बंद करा असें सांगणेंच होतें.

येथें आम्हांस आपल्या गांवगाड्यांतील वेसकराची आठवण होते. रात्रीं वेस राखणें, सरकारी टपाल पुढच्या गांवीं पोंचविणें, हीं कामें महारांच्या माथीं जन्मानें मारलेलीं होतीं. त्यांचा मोबदला इतका तुटपुंजा होता कीं, १९२८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबई कौन्सिलांत महार वतनाच्या कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक आणिलें. बोर्ड चालविणाऱ्यानें हें काम आपखुशीनें पत्करिलें होतें, त्याच्यावर कोणाची सक्ति नव्हती; तेव्हां दोहोंची बरोबरी करणें अन्यायाचें होईल. तथापि एक गोष्ट दोन्हींकडे दिसते. वेशीतून जाणाऱ्यांस वेस दिसते, राखणारा दिसत नाहीं. आणि राज्यकर्त्यांस तो दिसतो तो बहुधा राबविण्यासाठीं किंवा कर बसविण्यासाठीं.

पुढें ई-मेल स्वस्त झाली, बोर्ड ओस पडले, आणि फिडोनेटच्या वेशी एकेक करून मिटल्या. पण प्रश्न मिटला असें मात्र म्हणतां येत नाहीं. ई-मेलचा एक गुण असा कीं, कोणत्याही कंपनीच्या खात्यावरून कोणत्याही दुसऱ्या कंपनीच्या खात्यास पत्र जातें. ग्वाल्हेरच्या कराराचेंच तें जगभर पसरलेलें रूप. आज मोबाइलवर जीं निरोपाचीं साधनें आपण वापरतों तीं मात्र बहुतेक हैदराबादच्या तिकिटासारखीं आहेत: आपल्या हद्दींत मोफत, हद्दीबाहेर निरुपयोगी. युरोपीय संघानें २०२२ च्या कायद्यानें अशा बड्या कंपन्यांस वेस उघडण्याचें बंधन घातलें, तें यासाठींच.

पिशोरच्या माणसास चाळीसगांवच्या नातलगाला पत्र धाडावयाचें असे, तेव्हां त्याला दोन सरकारांच्या मानापमानाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें; पत्र पोंचावें, एवढेंच त्याचें म्हणणें. हें म्हणणें न्याय्य आहे असें जे मानतात त्यांनीं यंत्राच्या वेगाची वाखाणणी करण्याआधीं विचारावें कीं, या यंत्राला वेस आहे काय, तिची किल्ली कोणापाशीं आहे, आणि ती राखणाऱ्यास आपण काय देतों.