शांत संगणकातली शीळ

गेल्या वर्षी घरी नवा संगणक घेतला. त्याचा पंखा अगदी हळू फिरणारा आणि आत फिरती डिस्क नाही. चालू आहे की बंद, हे दिव्याकडे पाहिल्याशिवाय कळत नसे. थोड्याच दिवसांत सातवीतली भाची राहायला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "मामा, तुझा कॉम्प्युटर रात्रभर शीळ घालत होता."

"अगं, तो तर बंद होता."

"बंद केल्यावरच वाजतो तो."

मी कान लावून पाहिले. काहीच ऐकू आले नाही. बंद यंत्र वाजेल कसे, तुला भास झाला असेल, असे म्हणून मी विषय संपवला. भाची बरोबर होती हे समजायला दोन दिवस लागले. ते कसे समजले ते शेवटी सांगतो. आधी ही शीळ येते कुठून ते पाहू, कारण तिची गोष्ट संगणकाच्या जन्माच्या बरीच आधी सुरू होते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सेलम गावी चार्ल्स पेज नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना विजेच्या प्रयोगांचा नाद होता. १८३७ साली त्यांच्या लक्षात आले, की तारेच्या वेटोळ्याजवळ नालाकृती चुंबक ठेवून वेटोळ्यातला प्रवाह जोडला किंवा तोडला, की चुंबकातून बारीक पण स्पष्ट नाद उमटतो. चुंबकाला कोणी हात लावलेला नाही, त्यावर काही आपटलेले नाही, तरी तो वाजतो. पेज यांनी ही गोष्ट 'विद्युत संगीत' अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध केली.

लोखंड का वाजत असावे याचा धागा पाच वर्षांनी हाती आला. मँचेस्टरच्या जेम्स ज्यूल यांनी १८४२ मध्ये दाखवले, की लोखंडाची कांब चुंबकित केली की तिची लांबी किंचित वाढते. हा बदल लांबीच्या दशलक्षांश भागांत मोजावा लागतो. तो दिसावा म्हणून ज्यूल यांनी तरफांनी तो अनेक पटींनी मोठा केला. कांब पाण्यात बुडवून त्यांनी हेही तपासले, की तिचे आकारमान बदलत नाही. म्हणजे ती लांब होते तेवढीच बारीकही होते. या परिणामाला मॅग्नेटोस्ट्रिक्शन म्हणतात. १८६१ साली जर्मनीत फिलिप राइस यांनी आपल्या टेलिफोनच्या ऐकण्याच्या टोकाला याचाच उपयोग केला. विणकामाच्या सुईभोवती तारेचे वेटोळे गुंडाळून ती सुई त्यांनी लाकडी पेटीवर बसवली होती. सुई कंप पावे आणि पेटी तो आवाज मोठा करी.

रस्त्याकडेच्या रोहित्राची घरघर आपण सर्वांनी ऐकली आहे. तिचे मुख्य कारण हेच. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते, पण घरघर असते १०० हर्ट्झची. असे का, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. प्रवाह एका दिशेने असो वा उलट, लोखंडाच्या लांबीतला बदल त्याच दिशेने होतो. त्यामुळे विजेच्या प्रत्येक आवर्तनात गाभा दोनदा ताणला जातो.

दुसरा धागा पॅरिसचा. प्येर आणि झाक या क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवले, की क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठांवर विद्युतभार येतो. मग विद्युतदाब दिला तर स्फटिकाचा आकार बदलायला हवा, असे गाब्रिएल लिपमन यांनी १८८१ मध्ये गणिताने सांगितले आणि क्यूरी बंधूंनी त्याच वर्षी ते पडताळून पाहिले. आजच्या संगणकाच्या पाटीवर तांदळाच्या दाण्याएवढे आणि त्याहूनही लहान सिरॅमिक कपॅसिटर शेकड्यांनी असतात. त्यांतल्या बऱ्याच कपॅसिटरांमध्ये बेरियम टायटनेट असते. विद्युतदाब बदलला की तेही असेच आकसते-फुगते. एवढासा दाणा स्वतः फारसा वाजत नाही. पण तो दोन्ही टोकांनी पाटीला डाखलेला असतो, त्यामुळे पाटी त्याच्याबरोबर वाकते. सतारीची तार एकटी क्षीण वाजते, तबलीमुळे ती खोलीभर ऐकू येते, तसेच हे.

जुन्या चित्रनळीच्या टीव्हीची शीळ चाळिशीच्या पुढच्या अनेकांना आठवत असेल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आपल्याकडच्या प्रक्षेपणात एका चित्राच्या ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे असत. म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला १५,६२५ वेळा पडद्यावर आडवा फिरे, आणि तो फिरवणारी वेटोळी व रोहित्र त्याच वारंवारतेने कुजबुजत. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद असला, तरी शेजारच्या खोलीत तो चालू आहे हे लहान मुलांना कळे. आजी-आजोबांना पत्ताही नसे. वय वाढते तशी उंच स्वर ऐकण्याची क्षमता वरच्या टोकाकडून कमी होत जाते. मूल २०,००० हर्ट्झच्या आसपासपर्यंत ऐकू शकते. पन्नाशीच्या माणसाला अनेकदा बारा हजारांच्या पुढचे ऐकू येत नाही.

आता संगणकाकडे येऊ. ५० हर्ट्झवर चालणारे रोहित्र जड असते. विहिरीतून पाणी काढायचे तर मोठी बादली सावकाश ओढता येते, किंवा लहान तांब्या भराभर. प्रवाह सेकंदाला हजारो वेळा जोडला-तोडला, तर 'तांब्या'एवढे छोटे रोहित्र पुरते आणि ऊर्जाही कमी वाया जाते. अशी यंत्रणा मोठ्या यंत्रांत आधीपासून होती. १९७७ च्या 'अ‍ॅपल टू' या घरगुती संगणकासाठी रॉड होल्ट यांनी ती तयार केली. संगणक पंख्याशिवाय, म्हणजे आवाज न करता चालावा, हा त्यातला एक हेतू होता. पुढे हीच पद्धत सगळीकडे रुळली. जोडतोडीचा वेग सहसा वीस हजार हर्ट्झच्या वर ठेवतात, म्हणजे तो कानाला कळत नाही.

मग शीळ कुठून? पाणी थोडेच लागत असेल तर तांब्या सतत फिरवणे परवडत नाही. चार फेऱ्या मारायच्या आणि थांबायचे. वीजपुरवठाही हलक्या भाराला असेच करतो. या थांबण्या-चालण्याची वारंवारता कानाच्या टप्प्यात आली, की वेटोळी आणि कपॅसिटर ऐकू येऊ लागतात. १९९५ मध्ये आलेल्या एटीएक्स रचनेपासून संगणक 'बंद' केला तरी पुरवठ्याचा एक छोटा भाग जागा असतो. कळ दाबताच संगणक उठावा म्हणून त्याला ५ व्होल्ट तयार ठेवावे लागतात. भार अगदी हलका. बंद यंत्र वाजते ते असे.

काम नसलेला चालू संगणकही कधी कधी वाजतो. लिनक्सची २.६ ही आवृत्ती डिसेंबर २००३ मध्ये आली. तिच्यात घड्याळाची टिकटिक सेकंदाला शंभरऐवजी हजार झाली. रिकामा प्रोसेसर झोपे आणि सेकंदाला हजार वेळा दचकून उठे. दर वेळी प्रवाह एकदम वाढे, आणि काही लॅपटॉप त्याच तालात गाऊ लागले. गंमत अशी, की काम दिले की ते गप्प होत. २००७ मध्ये गरज नसताना टिकटिक थांबवण्याची सोय आली.

म्हणजे संगणक काय करतो आहे, ते त्याच्या आवाजात उतरते. अदी शमीर आणि एरान ट्रोमर यांनी २००४ मध्येच हे मांडले होते. संदेश गुप्त ठेवण्याच्या आरएसए पद्धतीच्या तीन जनकांपैकी शमीर एक. डिसेंबर २०१३ मध्ये डॅनियल गेन्किन यांच्यासह त्यांनी याचा पुरावाच दिला. लॅपटॉपला विशिष्ट संदेश उलगडायला दिले आणि त्याच्या पुरवठ्यातल्या भागांचा आवाज टिपला. त्यावरून ४,०९६ बिटांची गुप्त किल्ली तासाभरात हाती आली. शेजारी ठेवलेला मोबाइल, किंवा चार मीटरवरचा चांगला मायक्रोफोन यासाठी पुरला. संबंधित प्रणालीत त्याच महिन्यात दुरुस्ती झाली. ज्या आवाजाकडे क्षुल्लक कटकट म्हणून पाहिले गेले, त्यात कुलूप उघडण्याइतकी माहिती होती.

आता भाचीचा शोध. मोबाइलवर ध्वनीच्या वारंवारता दाखवणारे अ‍ॅप घेतले. पडद्यावर बारा हजारांच्या थोडी वर एक ठळक रेघ उभी होती! मला ऐकू येत नव्हते, पण ते होते. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असे ठरवले. मोबाइलचा चार्जर काढला: रेघ कायम. राउटर, मॉनिटर बंद केले: कायम. संगणक सुरू केला: रेघ गेली. बंद केला: परत आली. भिंतीवरचे बटण बंद केले, आणि काही सेकंदांत ती नाहीशी झाली. आवाज पुरवठ्याच्या जाग्या भागाचाच होता.

नेमकी जागा सापडायला मात्र वेळ लागला. बारा हजार हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत तीन सेंटिमीटरहूनही कमी असते. भिंतींवरून परतलेल्या लहरी मूळ लहरींत मिसळतात, त्यामुळे डोके बोटभर हलवले तरी आवाज वाढतो किंवा नाहीसा होतो. शेवटी भाचीने कागदाची नळी कानाला लावून पेटीभोवती फिरवली आणि मागे, वीजजोड येतो तिथे बोट ठेवले. पेटी आम्ही उघडली नाही, आपणही उघडू नये. पुरवठ्यातल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो. ही शीळ सहसा धोक्याची नसते. वेटोळ्यांना व्हार्निश पाजणे, गाभा चिकटवणे हे उपाय कारखान्यात करायचे. आम्ही रात्री भिंतीवरचे बटण बंद करू लागलो.

हा प्रयोग वर्गातही होईल. मोबाइलवर आठ हजार हर्ट्झचा स्वर हळू आवाजात लावा. मुलांना डोळे मिटून, ऐकू येते तोवर हात वर ठेवायला सांगा, आणि वारंवारता वाढवत न्या. आपणही हात वर करा. बहुधा आपला हात आधी खाली येईल. मुलांना तो पाहू द्या.