माळढोक गेला, हद्द राहिली

सोलापुरात माळढोकाचं नाव काढलं की दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक हळहळणारी, दुसरी "त्या पक्ष्यानं आमची जमीन अडकवली" म्हणणारी. मला दुसऱ्यांची बाजू जास्त कळते. कारण हा इतिहास जेवढा पक्ष्याचा आहे, तेवढाच सातबाऱ्याचाही आहे.

सत्तरच्या दशकात नान्नजच्या माळावर माळढोक आहेत, ही गोष्ट पक्षीमित्रांनी पुढे आणली. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून तिथल्या काही तुकड्यांना कुंपण घातलं, चराई थांबली, गवत वाढलं. पक्षी तिथे अंडी घालू लागले. माळढोकाची मादी साधारण एका विणीत एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणजे माळ शांत हवा.

पण माळढोक काही कुंपणात राहणारा पक्षी नव्हे. त्याला गवताळ माळ लागतो, तशी शेजारची पड जमीन आणि कोरडवाहू रानही लागतं. ज्वारी, करडई, भुईमूग, हरभऱ्याच्या रानात तो टोळ-किडे टिपत फिरायचा. आपल्या आजोबांची जिरायती शेती हेच त्याचं अर्धं घर होतं, आणि त्याबद्दल आजोबांना कुणी छदामही दिला नाही. तेव्हा मागायचं कुणाला सुचलंही नसेल म्हणा.

मग 1979 साली अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र किती? 8,496 चौरस किलोमीटर! गोव्यासारखी दोन राज्यं मावतील एवढं. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि तिकडे नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. यातली बहुतांश जमीन खासगी. नकाशावर रेघ ओढायला खर्च येत नाही, म्हणून ती एवढी लांब ओढली गेली असं माझं मत आहे. शेतकऱ्याच्या वाट्याला आलं काय, तर परवानगीचे हेलपाटे. पड ठेवल्याबद्दल, ज्वारी पेरत राहिल्याबद्दल त्याला काहीच मिळालं नाही.

दरम्यान उजनीचं पाणी आलं, बोअर आले, ऊस आला. नान्नज तर द्राक्षांसाठी नावाजलेलं गाव, 'सोनाका' तिथलीच. एकरी हिशेब मांडला तर ज्वारी-कडबा उसापुढे कुठे टिकणार? शेतकऱ्यानं रान बदललं, त्यात त्याचं काय चुकलं? पुढे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन अभयारण्य 1,222 चौरस किलोमीटरवर आलं. तोवर माळढोक जवळपास संपला होता.

मध्य प्रदेशातल्या करेराला तर याहून वाईट झालं. 1981 मध्ये अभयारण्य झालं, जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधनं आली, गावं चिडली. नव्वदच्या दशकात तिथून पक्षीच नाहीसा झाला.

आता त्याच काळातलं पोर्तुगाल बघा. दक्षिणेला कास्त्रो व्हेर्दे नावाचा भाग आहे, आपल्यासारखाच कोरडा. तिथे माळढोकाचा युरोपातला चुलतभाऊ, ग्रेट बस्टर्ड, गहू आणि पड यांच्या आलटून-पालटून चालणाऱ्या शेतीत राहतो. तिथल्या रानावर निलगिरीच्या लागवडीचं संकट आलं होतं. 1993 पासून एका निसर्गसंस्थेनं तिथे जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. शिवाय युरोपीय संघानं 1992 मध्ये शेतीधोरण बदललं होतं, त्यातून 1995 पासून शेतकऱ्याला हेक्टरी पैसे मिळू लागले. अट सोपी: फेरपालट चालू ठेवा, पड ठेवा, विणीच्या दिवसांत रानात कामं काढू नका. योजना ऐच्छिक होती, ज्याला नको तो बाहेर. तिथे ग्रेट बस्टर्ड वाढले. आज पोर्तुगालमधले बहुतेक तिथेच आहेत.

तिथेही सगळं गोड नाही हं. गुराढोरांवरचं अनुदान जास्त परवडायला लागलं तसं बऱ्याच जणांनी गहू सोडून गुरं धरली, आणि लिटल बस्टर्ड हा लहान भाऊ झपाट्यानं घटला. पैशाचं गणित बदललं की रान बदलतं, मग ते सोलापूरचं असो की पोर्तुगालचं.

आपल्याकडे हरणांनी, रानडुकरांनी पीक खाल्लं तर पंचनामा होऊन भरपाई मिळते. उशिरा, कमी, पण मिळते. म्हणजे वन्यजीवांपायी शेतकऱ्याला पैसे द्यायचे, हे सरकारनं तत्त्वतः मान्य केलेलंच आहे. नान्नजच्या आसपास आजही काळवीट, लांडगे, धाविक, चंडोल आहेत. विणीच्या हंगामात दोन एकर पड ठेवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला एकरी किती द्यायचे, हा आकडा ठरवायला जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाला आणि वनखात्याला एका टेबलावर बसावं लागेल. आपल्या भागातले सदस्य ही पोस्ट वाचत असतील तर त्यांनी पुढच्या सभेत हा विषय घ्यावा.